जुना संगणक ठेवावा की कमी विजेचा नवा घ्यावा? आधी मीटर बघा

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत, दुकानांत, अभ्यासिकांमध्ये एकच प्रश्न उभा राहिला: चांगल्या चालत्या संगणकाचं आता करायचं काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. कोअर टू ड्युओ किंवा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय३ त्यात बसत नाही. मशीन मात्र ठणठणीत असतं. मग घरात कोणी म्हणतं, याचा सर्व्हर करू, सगळ्यांचे फोटो साठवू, दुकानाचे कॅमेरे जोडू. कोणी म्हणतं, ही वीज खाणारी पेटी कशाला, तळहाताएवढा मिनी पीसी घे. दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण उत्तर मशीन जुनं की नवं यावर कमी आणि ते दिवसाला किती तास चालणार यावर जास्त ठरतं.

पहिलं काम: तास लिहून काढा

कागद घ्या आणि या मशीनकडून काय काम हवंय ते लिहा. मुलांचं टायपिंग, दुकानाचं बिलिंग, अभ्यासिकेत ऑनलाइन सराव परीक्षा ही कामं दिवसाला तीन ते आठ तासांची. घरच्या फोटो-फाइलींची साठवण, जाहिराती अडवणारं पाय-होल, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ही चोवीस तासांची. साठवणीचं काम खरंच चोवीस तास लागतं का, हेही विचारा. फोटो रात्री नऊ ते अकरा या वेळात उतरले तरी बहुतेक घरांना पुरतं. तसं असेल तर निम्मा निकाल इथेच लागला.

दुसरं काम: वॅट मोजा

संगणकाच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक घाबरतात. ती त्याची क्षमता आहे, खप नव्हे. पडद्याशिवाय नुसता चालू ठेवलेला जुना डेस्कटॉप साधारण ५० ते ८० वॅट घेतो, पेंटियम ४ च्या काळातला त्याहूनही जास्त. जुना लॅपटॉप पडदा बंद करून १० ते २० वॅटमध्ये भागवतो. इंटेलच्या एन१०० या कमी विजेच्या प्रोसेसरचा मिनी पीसी ६ ते १० वॅट, रास्पबेरी पाय ४ हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक तीन-चार वॅट. पण हे ढोबळ आकडे झाले. तुमच्या मशीनचा आकडा तुम्हीच काढायचा.

सॉकेटमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर मिळालं तर उत्तम. नसेल तर घराचा वीजमीटरच वापरा. त्याच्यावर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा एखादा आकडा छापलेला असतो. एक युनिट जळेपर्यंत दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. फ्रिज, पंखे, राउटर, मोबाइलचे चार्जर सगळं बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं चार्जिंग आठवणीने बंद करा, नाहीतर बॅटरीत जाणारी वीज संगणकाच्या नावावर मोजली जाईल. मग फक्त संगणक चालू ठेवून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींचा वेळ घ्या. दिवा लुकलुकला की घड्याळ सुरू करायचं आणि त्यानंतरच्या दहाव्या लुकलुकीला थांबवायचं. आलेल्या सेकंदांना दहाने भागा. मीटरवर ३२०० असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० असेल तर २२५० ला. दहा लुकलुकींना १७० सेकंद लागले, म्हणजे एकीला १७, तर ११२५ भागिले १७ म्हणजे साधारण ६६ वॅट. आठ वॅटच्या यंत्राला हा उपाय कंटाळवाणा आहे, कारण एका लुकलुकीसाठी सव्वादोन मिनिटांहून जास्त वाट बघावी लागते. तिथे वॅटमीटरच बरं.

तिसरं काम: रुपये मांडा

'बिल कितलं येई भो?' हा आपल्याकडचा खरा प्रश्न. वॅट गुणिले तास भागिले १००० म्हणजे युनिट. ६५ वॅटचा डेस्कटॉप चोवीस तास, वर्षभर चालला तर ५६९ युनिट होतात, महिन्याला सुमारे ४७. घरात एक जुना सीलिंग फॅन रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखंच हे. आठ वॅटचा मिनी पीसी वर्षाला ७० युनिट घेतो. फरक ५०० युनिटांचा. हिशेबाला सोपं म्हणून युनिट दहा रुपये धरलं तर वर्षाला पाच हजार वाचतात. मिनी पीसी पंधरा हजारांना पडला असं धरा, तर पैसे तीन वर्षांत वसूल.

तेच मशीन रोज फक्त तीन तास चालवलं तर फरक ६२ युनिटांवर येतो, म्हणजे वर्षाला ६२० रुपये. पंधरा हजार वसूल व्हायला चोवीस वर्षं. तोवर नवा मिनी पीसीही भंगारात गेलेला असेल. 'वीज वाचवायला' नवं यंत्र घेणारे नेमके इथे चुकतात. शिवाय रोज थोडाच वेळ चालणाऱ्या संगणकाच्या बाबतीत तो बनवताना खर्ची पडलेली ऊर्जा हाच मोठा हिस्सा असतो. ती तुमच्या बिलात दिसत नाही इतकंच.

दर मात्र बिलावरून नीट काढा. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० ची जवळजवळ दुप्पट, पुढे आणखी महाग. घराचं ८० युनिटांचं बिल असेल तर सर्व्हरची ४७ युनिटं त्यावर चढतात आणि त्यातली २७ वरच्या टप्प्यात जातात. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून सरासरी काढू नका, शेवटच्या युनिटाला काय दर पडतो ते बघा. वहन आकार आणि वीज शुल्कही त्यात धरा. दुकानाला व्यावसायिक दर लागतो, तिथे वसुली आणखी लवकर होते. छतावर सोलर असून वर्षाअखेर युनिटं शिल्लक राहत असतील तर हा सगळा हिशेब बराच सैल पडतो.

आता निवडा

रोज आठ तासांच्या आतलं काम असेल तर जुना डेस्कटॉप ठेवा. चोवीस तासांचं असेल आणि घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोच वापरा, काही विकत घेऊ नका. १५ वॅटचा लॅपटॉप वर्षाला १३१ युनिट घेतो. मिनी पीसीशी फरक ६१ युनिटांचा, म्हणजे सहाशे रुपयांचा. चोवीस तासांचं काम आहे आणि हाताशी फक्त डेस्कटॉप आहे, तरच नव्यासाठी खिशात हात घाला. माझा कौल बहुतेक वेळा लॅपटॉपला जातो, आणि त्याचं मोठं कारण लोडशेडिंग आहे. त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. वीज गेली तरी फाइल लिहिता लिहिता मशीन बंद पडत नाही.

कॅमेऱ्यांचं मात्र वेगळं. केळीच्या शेडवर किंवा जिनिंगच्या आवारात चार-सहा कॅमेरे लावायचे असतील तर जुन्या संगणकाचा मोह टाळा आणि तयार रेकॉर्डर घ्या. तो कमी विजेत चालतो, वीज आली की आपोआप सुरू होतो आणि त्यात सतत लिहिण्यासाठी बनवलेली सर्व्हेलन्स हार्ड डिस्क बसते. संगणकातली साधी जुनी डिस्क या कामात फार टिकत नाही. ती बंद पडली हे कळतं चोरी झाल्यावर.

जुना डेस्कटॉप ठेवायचा ठरला तर

प्लग काढा, कॅबिनेटची बाजू उघडा. आपल्याकडे आत नुसती धूळ नसते. जिनिंगजवळच्या गावात कापसाचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखे घट्ट बसलेले सापडतात, वरून पंखा फिरताना दिसतो पण खाली हवाच जात नाही. रंगाच्या मऊ ब्रशने ते सोडवा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा याचा फरक कळतो. मदरबोर्डवरचे छोट्या नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर त्या मशीनवर एक रुपयाही घालू नका.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि बोर्डावर स्वतःचा डिस्प्ले असेल तर कार्ड काढून टाका, खप लगेच उतरतो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या तालुक्याच्या दुकानात ती सहज मिळते, आणि जुन्या मशीनवर करायचा हाच एक खर्च मला पटतो. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला.

मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून टाका. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, हे आधी बघा. कोअर टू ड्युओ असतो, सुरुवातीच्या काळातले बरेच पेंटियम ४ नसतात. टाकण्याआधी जुना डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मराठी टायपिंगसाठी मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच. दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल तर मात्र त्या एका मशीनपुरता नवा संगणक घ्या. बँक आणि जीएसटीचं काम सुरक्षा-अपडेट नसलेल्या विंडोजवर करू नये.

शेवटी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन ठरावीक वेळी आपोआप सुरू होण्याची सोय शोधा, आणि लिनक्समध्ये रात्री बंद होण्याची वेळ लावा. चोवीस तासांचं मशीन असं तीन तासांचं होतं आणि वरचा सगळा हिशेब उलटतो.

लॅपटॉपचा सर्व्हर करताना

आधी बॅटरी तपासा. टचपॅड वर उचललेला दिसला, तळ डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती काढा, टोचू नका, दाबू नका. बॅटरी चांगली असेल तर चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर लावा, बऱ्याच कंपन्यांच्या बायोसमध्ये ही सोय असते. सतत शंभर टक्के आणि वरून खानदेशचा उन्हाळा, यात लिथियम बॅटरी फुगायला वेळ लागत नाही. झाकण लावल्यावर झोपू नये अशी सेटिंग करा, पण झाकण थोडं उघडंच ठेवा. कपाटात किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.

नवं घ्यायचं ठरलं तर

एन१०० किंवा त्याच वर्गातला प्रोसेसर, आठ जीबी रॅम, लॅन पोर्ट आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय, एवढं बघा. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारं मॉडेल मिळालं तर राउटरसाठी मिळतो तसला, पुरेशा अँपिअरचा छोटा यूपीएस त्याला लागू शकतो. रास्पबेरी पायचा नुसता बोर्ड स्वस्त दिसतो. अ‍ॅडॉप्टर, पेटी, पंखा आणि एसएसडी धरून बेरीज करा, कारण मेमरी कार्डवर सतत लिहिणारं काम चालवलं तर कार्ड लवकर जातं. पंखा नसलेली बंद पेटी मात्र इथे जपून घ्या. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोचली की वेग कमी करायला लागते, आणि खोलीच ४२ अंशांवर असेल तर तिथवर जायला वेळ लागत नाही.

घरातून बाहेर जाणाऱ्या मशीनमधली डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसा. बाकी धूड वायर जाळून तांबं काढणाऱ्याला विकू नका. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, त्यांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या संकलन केंद्राकडे जायला हवं. रॅम आणि एसएमपीएस चांगले असतील तर दुरुस्तीवाला ते आनंदाने घेतो.