ट्रॅक्टरच्या लिफ्टचं सील टिकत नाही? आधी बुश तपासा, आणि या चुका टाळा

मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या आर्मजवळ तेल पाझरायला लागलं की दुकानातून सील आणायचं, बसवून घ्यायचं, आणि पुढच्या नांगरटीला पुन्हा तिथेच ओघळ. मग ‘सील डुप्लिकेट निघालं’ म्हणून दुकानदाराच्या नावाने शंख. कधी ते खरंही असतं, पण जुन्या ट्रॅक्टरात जास्त वेळा दोष बुशचा असतो. दोन्ही लिफ्ट आर्म ज्या आडव्या शाफ्टवर बसतात, तो दोन टोकांना बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीसारख्या कड्यांत, फिरतो. बुश झिजून लंबगोल झाला की अवजाराचं वजन येताच शाफ्ट एका अंगाला दबतो. सीलच्या ओठाला तेवढं सरकता येत नाही, म्हणून दुसऱ्या अंगाला फट पडते आणि तेल बाहेर येतं. अशा ठिकाणी नुसतं सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

तपासायला काही लागत नाही. अवजार सोडा, आर्म खाली घ्या, शाफ्टलगत आर्मखाली पहार घालून वर उचला. शाफ्ट जागच्या जागी वर-खाली होताना दिसला, की बुश गेला. दुसरी बाजूही बघा. एकच बाजू जास्त खाल्लेली असणं नेहमीचंच.

उलटी चूकही होते. इंजिन बंद केलं की उचललेलं अवजार हळूहळू खाली बसतं, म्हणून कुणी बुश आणि बाहेरची सीलं बदलून घेतो. त्याचा इथे संबंध नाही. ती गळती आतली असते: पिस्टनची रिंग किंवा ओ-रिंग, सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह. आणि अवजार मागे डावं-उजवं खेळत असेल तर आधी चेक चेन (खालचे आर्म बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या), खालच्या आर्मचे गोळे आणि पिना बघा. कॅटेगरी म्हणजे जोडणीचं माप: कॅटेगरी 2 च्या गोळ्यात सुमारे 28 मिलिमीटरची पिन लागते, कॅटेगरी 1 ची असते 22 ची. मधली स्लीव्ह हरवली म्हणून बारीक पिन तशीच घालून रोटाव्हेटर चालवला, तर गोळा किती दिवस टिकणार?

काम सुरू करताना अवजार सोडून आर्म पूर्ण खाली घ्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब निघून जातो. बहुतेक ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर ढकलते, खाली येते ती वजनाने. त्यामुळे उचललेल्या अवजाराखाली शिरून नट सोडणं हा जिवाशी खेळ आहे. आर्म काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर सेंटर पंचने खूण करा. आर्म शाफ्टच्या दात्यांवर (स्प्लाइनवर) बसतो; एक दाता जरी चुकला तरी एक आर्म दुसऱ्यापेक्षा वर राहतो, आणि मग लोक लेव्हलिंगचा दांडा फिरवत बसतात. डाव्या-उजव्या बुशचीही अदलाबदल करू नका, काही मॉडेलमध्ये दोन्हींचं माप वेगळं असतं. लिफ्टचं कव्हर उतरवायचंच असेल तर चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लावा, दोघांनी हाताने उचलायची ती वस्तू नाही.

खरं काम बिघडतं ते बुश बसवताना. लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकला की बुश तिरका शिरतो आणि हाउसिंगला ओरखडा पडतो. त्यापेक्षा लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन बुश हळूहळू ओढून घ्या. आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर आणखी सोपं जातं. तेलाचं भोक असेल तर ते हाउसिंगच्या भोकासमोर आलंच पाहिजे. बसल्यावर बुश आतून थोडा आवळतो, म्हणून शाफ्ट जड जात असेल तर रीमर (भोक आतून मापात कापणारं हत्यार) फिरवून घ्या. पॉलिश पेपरने घासत बसलात तर आतला गोल बिघडेल. लेथवाल्याकडून बुश करून घेणार असाल तर गनमेटल (एक प्रकारचं कांसं) सांगा; स्वस्तातलं पितळ या ओझ्याला लवकर झिजतं.

शाफ्टवर जिथे जुनं सील घासत होतं तिथे नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथे चरी पडली आहे. नवं सील त्याच चरीवर बसवून उपयोग नाही. जागा असेल तर दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर सरकवा, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह चढवा. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. स्प्लाइनच्या दात्यांवर गुळगुळीत टेप गुंडाळून, ओठाला ग्रीस लावूनच सील सरकवा. दात्याची धार एकदा लागली की ओठ फाटतो, आणि ते तेल भरेपर्यंत कळत नाही. बाहेरून एमसील थापणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

मॅसी 35 च्या घडणीच्या ट्रॅक्टरात पंप आत, तेलातच असतो. कव्हर परत ठेवताना कंट्रोलच्या काड्या पंपाच्या व्हॉल्व्हच्या लिव्हरशी बरोबर जुळल्या का, हे बाजूचं झाकण काढून डोळ्यांनी बघा. अंदाजाने बोल्ट आवळले तर काडी वाकते. पॅकिंगला सिलिकॉन चोपडू नका, त्याचे तुकडे तेलात उतरून जाळीत अडकतात.

जोडणी झाली आणि लिफ्ट उठतच नाही, म्हणून लगेच कव्हर पुन्हा उघडू नका. याच घडणीत पंप पीटीओवर (मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर) चालतो, पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर लिफ्ट हलणारच नाही. लिव्हर टाका, रिकामे आर्म चार-सहा वेळा वर-खाली करून हवा निघू द्या, मग आर्म खाली ठेवून तेलाची पातळी बघा. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच भरा. इंजिनातून काढलेलं जळकं तेल इथे ओतायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. शेवटी आर्मची टोकं कोरडी पुसून, नांगर लावून बांधापर्यंत दोन फेऱ्या मारा आणि सीलच्या कडेवरून बोट फिरवा. आर्म परत उतरवायची वेळ आलीच, तर ती पेरणीच्या तोंडावर न येता आजच आलेली बरी.