सिरियलचं पाकीट आधी उलटं करा

दुकानात नाश्त्याचं सिरियल निवडताना पाकिटाची पुढची बाजू वाचूच नका. ‘मल्टिग्रेन’, ‘मधयुक्त’, ‘लोहाने समृद्ध’ हे सगळं खरं असूनही आत पाव हिस्सा साखर असू शकते. ती कळते मागच्या तक्त्यावरून.

त्या तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात, १०० ग्रॅमचा आणि एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी खायच्या मापाचा. तुलना १०० ग्रॅमवरूनच करा, कारण सर्व्हिंग कुणी ३० ग्रॅम धरतं, कुणी ४०. शिवाय ३० ग्रॅम म्हणजे नेमकं किती, हे घरच्या वजनकाट्यावर एकदा पाहून घ्या. कॉर्नफ्लेक्स हलके, ३० ग्रॅममध्ये मोठी वाटी भरते. तीच वाटी म्युस्लीने, म्हणजे ओट्स, सुकामेवा आणि बियांच्या मिश्रणाने, भरली तर वजन दुप्पट-तिप्पट होतं आणि कॅलरीही त्याच पटीत वाढतात. ‘म्युस्ली खाऊनही वजन उतरत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा ही वाटीच असते.

आता साखर. ‘टोटल शुगर’ आणि ‘अ‍ॅडेड शुगर’ अशा दोन ओळी दिसतील. मनुका-खजुरातली साखर फक्त पहिल्या ओळीत धरतात, वरून घातलेली दोन्हींत. आपण दुसरी पाहायची. १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपर्यंत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालेल, १५ च्या वर गेली की पाकीट परत फळीवर. भारतीय लेबलांवर साखरेपुढे छापलेले टक्के, म्हणजे दिवसाच्या मर्यादेतला एका सर्व्हिंगचा वाटा, दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर ही मर्यादा धरून काढलेले असतात. ३० टक्के साखरेच्या चॉकलेटी सिरियलची ५० ग्रॅमची वाटी घेतली, तर मुलाच्या पोटात सकाळीच १५ ग्रॅम, म्हणजे तीनेक चमचे साखर जाते. मोठ्यांसाठी धरलेली मर्यादाही त्यात तीस टक्के संपते, मुलाची तर त्याहून कमी असते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, त्यामुळे पहिले तीन घटक सगळ्यात महत्त्वाचे. मात्र इथे एक खाच आहे. साखर एकाच नावाने घातली तर वर येते. साखर, मध, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट अशी वाटून घातली की प्रत्येक नाव खाली सरकतं. अशी तीन-चार नावं दिसली तर त्यांची मनातल्या मनात बेरीज करा. गूळ आणि मध हीसुद्धा वरची साखरच. मधुमेह असलेल्यांनी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) हे नावही शोधावं. ते साखरेच्या ओळीत सहसा मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. ‘मल्टिग्रेन’ पाकिटात नाचणी किती, ते घटकापुढच्या टक्क्यावरून कळतं. कधी ती दोन टक्केच असते आणि बाकी मैदा किंवा तांदळाचं पीठ.

तंतू, म्हणजे फायबर, १०० ग्रॅममागे निदान ६ ग्रॅम हवेत. कॉर्नफ्लेक्स इथेच मागे पडतात: मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून ते करतात, म्हणून साखर कमी असली तरी त्यांनी भूक फार वेळ भागत नाही. साध्या रोल्ड ओट्समध्ये तंतू १० ग्रॅमच्या आसपास असतात, वरची साखर शून्य. एकच पाकीट घ्यायचं असेल तर आम्ही तेच सुचवू. मसाला ओट्स मात्र वेगळी वस्तू आहे, त्यात सोडियम पाहा. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅमच्या वर म्हणजे जास्त. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो.

घरी म्युस्ली करायची असेल तर अर्ध्या किलोसाठी ३०० ग्रॅम रोल्ड ओट्स, ५० ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या, ५० ग्रॅम बदाम, ४० ग्रॅम भोपळ्याच्या बिया, २५ ग्रॅम जवस आणि ३५ ग्रॅम मनुका घ्या. ओट्स जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजा. बदाम, बिया वेगळ्या भाजा, कारण ओट्सबरोबर टाकल्या तर त्या कच्च्या राहतात किंवा ओट्स करपतात. जवस भाजून भरड काढा. अख्खा दाणा बहुधा न पचताच बाहेर पडतो. सगळं पूर्ण गार झाल्यावरच लाह्या आणि मनुका मिसळून हवाबंद डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलंत तर आतली वाफ धरून मिश्रण सादळतं. भरडलेलं जवस लवकर खवट होतं, म्हणून तीन आठवड्यांत संपेल इतकंच करा, नाहीतर जवस वेगळ्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा.

वाटीत ४० ग्रॅम म्युस्ली आणि २०० मिलिलिटर दूध किंवा वाटीभर दही पुरतं. गोड हवं असेल तर अर्धं केळं कापून घाला. लोह घातलेलं सिरियल खात असाल तर सोबत पेरू किंवा संत्रं घ्या, त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र तासाभराने घ्या. त्यातल्या टॅनिनमुळे तेच लोह वाया जातं.