स्लॅम बोलावा की गेमवर थांबावे: ब्रिजच्या नव्या खेळाडूंसाठी

सोलापुरात ब्रिज शिकायला येणारा माणूस बहुधा मेंढीकोट आणि तीनशेचार खेळून तयार झालेला असतो. त्यामुळे हुकूम कधी काढावेत, कोणाकडे कोणते पान राहिले असेल, भिडूच्या उतारीचा अर्थ काय, हे त्याला फारसे शिकवावे लागत नाही. तो अडतो बोलीत, आणि बोलीतही सर्वांत जास्त स्लॅमपाशी, म्हणजे तेरापैकी बारा (स्मॉल स्लॅम) किंवा सगळे तेरा (ग्रँड स्लॅम) हात करण्याच्या बोलीपाशी. मेंढीकोटात कोट होतो तो खेळता खेळता. तो आधी कोणी जाहीर केलेला नसतो. ब्रिजमध्ये बारा हात करून दाखवले तरी ते आधी बोलले नसतील, तर स्लॅमचे बक्षीस मिळत नाही. १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी जुन्या ऑक्शन ब्रिजची गुणपद्धती बदलून काँट्रॅक्ट ब्रिजला जे रूप दिले, त्याचा गाभाच हा आहे, आणि म्हणूनच बोली ही खेळाची प्रस्तावना न राहता निम्मा खेळ झाली.

जुळे सोलापुरातल्या आमच्या बैठकीत मी बरीच वर्षे नव्या मंडळींसमोर भिडू म्हणून बसत आलो आहे. त्यांचे साधारण दोन गट पडतात. काहींना चार इस्पिकवर, म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून दहा हातांच्या ‘गेम’च्या बोलीवर, थांबून बारा हात केल्याचेच समाधान असते. काहींना चांगली पाने आली की सहाची, म्हणजे बारा हातांची, बोली लावल्याशिवाय राहवत नाही. दोघेही नंतर डावाचा निकाल पाहून स्वतःला शाबासकी देतात किंवा दोष देतात, आणि माझ्या मते शिकण्यातली खरी अडचण हीच आहे. स्लॅम बोलावा की नाही, हा निर्णय तुमच्या आणि भिडूच्या मिळून सव्वीस पानांवर तोलायचा असतो. उरलेली सव्वीस पाने त्या दिवशी कशी पडली, याचा त्या निर्णयाच्या बरे-वाईटपणाशी संबंध नसतो.

तोलायचे म्हणजे काय, हे गुणांच्या तक्त्यावरून स्पष्ट होते. तुम्ही व्हल्नरेबल आहात (म्हणजे त्या डावात तुमची बक्षिसे आणि दंड दोन्ही मोठे आहेत) आणि इस्पिक हुकूम आहे असे धरा. चार इस्पिक बोलून बारा हात केले तर ६८० गुण मिळतात, सहा इस्पिक बोलून तेच बारा हात केले तर १४३०. म्हणजे फायदा ७५० चा. अकराच हात झाले, तर चार इस्पिकवर ६५० मिळाले असते आणि सहा इस्पिकवर १०० गमावले. म्हणजे तोटाही ७५० चा. व्हल्नरेबल नसताना हे दोन्ही आकडे ५०० होतात. फायदा आणि तोटा सारखाच असल्यामुळे, निम्म्या वेळा यशस्वी होणारा स्मॉल स्लॅम बोलणे योग्य, असा साधा नियम निघतो. एका फिनेसवर, म्हणजे विरोधकांचे मोठे पान सोयीच्या बाजूला असेल या आशेने केलेल्या खेळीवर, अवलंबून असलेला स्लॅम या सीमेवर बसतो. दोनपैकी कोणतीही एक फिनेस लागली तरी चालेल, असा स्लॅम ७५ टक्क्यांचा असतो आणि तो बोललाच पाहिजे. फिनेसही लागायला हवी आणि विरोधकांची पाच पानेही ३-२ अशी विभागलेली हवीत, अशी दुहेरी अट असेल तर शक्यता ३४ टक्क्यांवर घसरते, कारण ३-२ ही विभागणी ६८ टक्के वेळाच मिळते. ज्या जोडीचा बोललेला एकही स्लॅम वर्षभरात पडत नाही, ती जोडी कितीतरी चांगले स्लॅम सोडून देत असते.

आता ही शक्यता टेबलावर बसून, भिडूची पाने न पाहता ओळखायची कशी? नवशिक्याला पहिल्यांदा सांगितले जाते ते ३३ गुणांचे सूत्र. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे धरले की पत्त्यांच्या जोडात ४० गुण होतात. तुमच्याकडे मिळून ३३ असतील तर विरोधकांकडे फार तर ७ उरतात, म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असूच शकत नाहीत. दोन्हीकडे सपाट, म्हणजे चारही रंगांत साधारण सारखी वाटलेली, पाने असतील आणि नो ट्रंप, म्हणजे हुकमाशिवाय, खेळायचे असेल, तर हे सूत्र चांगले चालते. भिडूने एक नो ट्रंपने सुरुवात केली असेल आणि तुमचीही पाने सपाट असतील, तर सरळ चार नो ट्रंप बोलावे. ती बोली एक्के विचारत नाही, तर ‘जास्तीचे गुण असतील तर सहा बोल’ असे सुचवते. मात्र हुकूम ठरला आणि कोणाकडे एखाद्या रंगाचे एकच पान असले, की ३३ चे सूत्र बाजूला ठेवावे लागते.

हे एका डावावरून पाहू. तुम्ही एक इस्पिक बोललात आणि भिडूने एकदम चार चौकट अशी उडी घेतली. ही स्प्लिंटर बोली आहे: हुकमाची चार पाने, गेमपुरती ताकद आणि चौकटचे फार तर एक पान. भिडूकडे इस्पिकचे राजा, १०, ८, ४; बदामचे एक्का, राणी, ५, २; चौकटची छक्की; आणि किलवरचे राजा, ९, ७, ३ आहेत. हे १२ गुण झाले. तुमच्याकडे इस्पिकचे एक्का, राणी, गुलाम, ७, ५; बदामचे राजा, ६; चौकटचे ८, ५, ३; आणि किलवरचे एक्का, राणी, ४ आहेत. हे १६, म्हणजे एकूण फक्त २८. आता हात मोजा. हुकमाचे पाच, बदामचे तीन, किलवरचे तीन असे अकरा होतात. चौकटचा एक हात जातो, एक चौकट भिडूच्या हुकमाने मारता येते आणि उरलेली चौकट बदामच्या तिसऱ्या मोठ्या पानावर टाकून देता येते. बारा हात जवळजवळ समोर मांडलेलेच आहेत.

भिडूची पाने तशीच ठेवून तुमची पाने थोडी बदलू. इस्पिक तेच, बदामचे ८, ६, चौकटचे राजा, राणी, ३, किलवरचे एक्का, गुलाम, ४. आता तुमच्याकडे १७ आणि एकूण २९ गुण आहेत, म्हणजे आधीपेक्षा एक जास्त. पण चौकटचे तुमचे राजा-राणी भिडूच्या एकुलत्या छक्कीसमोर आहेत. तिथे एक हात जाणारच होता आणि बाकीची पाने हुकमाने मारता येणार होती, म्हणून ते ५ गुण जवळजवळ फुकट गेले. चौकटच्या एक्क्याला एक हात दिल्यावर बदामची फिनेसही लागायला हवी आणि किलवरचीही. हा स्लॅम चारांत एकदा, फार तर त्याहून थोडा जास्त वेळा होईल. पहिल्या पानांवर स्लॅमकडे जावे, दुसऱ्या पानांवर शांतपणे चार इस्पिक बोलून थांबावे. स्प्लिंटरला उत्तर देताना ‘माझे गुण किती’ हे विचारण्याआधी ‘माझे गुण कुठे आहेत’ हे विचारायचे, एवढी एक सवय लागली तरी नव्या खेळाडूची बोली सुधारते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी मोठी गल्लत एक्के विचारण्याच्या बोलीत होते. ईझली ब्लॅकवूड या अमेरिकन खेळाडूने १९३३ मध्ये सुचवलेली ही चार नो ट्रंपची बोली लक्षात ठेवायला सोपी असल्यामुळे नवशिक्यांची फार आवडती आहे, आणि म्हणूनच ती नको तिथे वापरली जाते. समजा, तुमच्याकडे इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, ९, ७, ५; बदामचे एक्का, राजा, राणी; चौकटचे ८, ४; आणि किलवरचे एक्का, ६ आहेत. तुम्ही एक इस्पिक बोललात आणि भिडूने तीन इस्पिक म्हणून पाठिंबा दिला. चार नो ट्रंप विचारल्यावर भिडू एक एक्का दाखवतो, म्हणजे बाहेर एकच एक्का आहे. तुम्ही सहा बोलता, आणि विरोधक चौकटचा एक्का आणि मग चौकटचाच राजा वाजवून पहिल्या दोन हातांत डाव पाडतात, कारण भिडूचा एक्का इस्पिकचा होता आणि चौकटमध्ये त्याच्याकडे राणी आणि दोन बारीक पानेच होती. एक्के मोजून झाले होते, पण चौकटच्या पहिल्या दोन हातांवर कोणाचाच ताबा नव्हता.

अशा पानांवर क्यू बिड उपयोगी पडते. हुकूम ठरल्यावर ज्या रंगात ताबा आहे तो रंग बोलायचा: एक्का किंवा पानच नसणे हा पहिल्या हातावरचा ताबा, राजा किंवा एकच पान हा दुसऱ्या हातावरचा. बऱ्याच जोड्या सुरुवातीला दोन्हींत फरक न करता ताबा दाखवतात, आणि नव्या जोडीला तेच सोपे जाते. वरच्या डावात तुम्ही चार किलवर बोललात की भिडूला चौकटमध्ये ताबा असता तर त्याने चार चौकट म्हटले असते. तो चार इस्पिकवर परततो, आणि चौकट उघडी आहे हे तुम्हाला तिथेच कळते. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी प्रत्येक रंगात ताबा आहे का ते पाहावे, मग बारा हात दिसतात का ते मोजावे, आणि सर्वांत शेवटी, दोन एक्के बाहेर नाहीत ना एवढीच खात्री करण्यासाठी चार नो ट्रंप बोलावे. ही बोली स्लॅममध्ये नेण्यासाठी नसून नको त्या स्लॅममधून वेळेवर बाहेर पडण्यासाठी आहे.

मागच्या उन्हाळ्यातला एक डाव सांगतो. अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका ज्येष्ठ खेळाडूसमोर बसला होता. हुकूम किलवर ठरले होते. मुलाकडे किलवरचा एक्का होता आणि बदामचे एकही पान नव्हते. त्याने चार नो ट्रंपचे कार्ड काढले, पाच चौकट म्हणजे ‘एक एक्का’ असे उत्तर आले, आणि तो पाहतच राहिला. पाच किलवरवर थांबायची वाट त्या उत्तरानेच बंद केली होती, आणि भिडूचा एक्का बदामचा असेल तर तो त्याला निरुपयोगी होता. तो सहा किलवर बोलला. भिडूचा एक्का बदामचाच निघाला आणि इस्पिक व चौकटचे एक्के गमावून एक हात कमी पडला. डाव संपल्यावर त्या गृहस्थांनी पाने गोळा करता करता एवढेच विचारले, “चार नो ट्रंप काढण्याआधी, पाच चौकट आले तर काय बोलायचे, हे ठरवले होतेस का?” मुलगा म्हणाला, “नाही काका, मला वाटलं दोन तरी असतील.” एखाद्या रंगाचे पानच नसेल तर एक्के विचारू नयेत, आणि हुकूम किलवर किंवा चौकट असेल तर उत्तर आपल्याला पाचच्या पुढे ढकलणार नाही ना हे आधी पाहावे, हे दोन्ही नियम पुस्तकांत असतात. पण ते त्या प्रश्नातून जसे डोक्यात बसतात तसे वाचून बसत नाहीत.

याला जोडूनच एक शिस्तीची बाब आहे, जी नव्या मंडळींना कोणी वेळेवर सांगत नाही. चार नो ट्रंप विचारून, उत्तर ऐकून, बराच वेळ थबकून तुम्ही पाच इस्पिकवर थांबलात, तर तुमच्या रेंगाळण्यातूनच भिडूला ‘याला सहा बोलावेसे वाटत होते’ हे कळते. त्या माहितीचा फायदा घेऊन भिडूने सहा बोलणे नियम १६ नुसार चालत नाही, आणि विरोधकांनी पंचाला बोलावले तर निकाल बदलला जाऊ शकतो. म्हणून विचार करायचा तो विचारण्याआधी करावा, आणि उत्तर आल्यावर नेहमीच्या गतीने पुढची बोली लावावी.

ग्रँड स्लॅमचे गणित वेगळे आहे. व्हल्नरेबल असताना सहा इस्पिक बोलून तेरा हात केले तर १४६०, सात बोलून २२१०. फायदा पुन्हा ७५० चा. पण सातवर एक हात पडला तर हातचे १४३० जाऊन वर १०० चा दंड बसतो, म्हणजे तोटा १५३० चा. या हिशेबाने ग्रँड स्लॅमला सुमारे ६७ टक्के शक्यता हवी. सांघिक सामन्यात दोन टेबलांवरच्या गुणांतले फरक आयएमपी या छोट्या मापात रूपांतरित होतात आणि मोठे आकडे दाबले जातात: ७५० चे १३ आणि १५३० चे १७. त्यामुळे तिथे ५७ टक्के पुरतात. तरीही, दुसऱ्या टेबलावर हीच पाने खेळणारी जोडी सहापर्यंत तरी पोचेल याची खात्री नसेल, तर सातच्या मागे लागू नये, असे मी स्पष्ट सांगेन. पुण्याच्या स्पर्धेहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परतताना आमच्यात जे वाद रंगतात, त्यांत पडलेल्या ग्रँड स्लॅमचा वाटा फार मोठा असतो, आणि त्यातले निम्मे हुकमाच्या राणीपाशी येऊन थांबतात. हुकमाची नऊ पाने आहेत, एक्का-राजा आहेत पण राणी नाही, तर ती पहिल्या दोन फेऱ्यांत पडण्याची शक्यता जेमतेम ५३ टक्के. सात बोलायला ती वरच्या दोन्ही हिशेबांत पुरत नाही. दहा पाने असतील तर हीच शक्यता ७८ टक्क्यांवर जाते आणि प्रश्न मिटतो. चार एक्क्यांबरोबर हुकमाचा राजाही मोजणारी आणि राणीची चौकशी करणारी रोमन की-कार्ड पद्धत आज सर्वत्र वापरली जाते, ती यासाठीच. पण ती भिडूबरोबर नीट ठरवून, लिहून घेतल्याशिवाय टेबलावर आणू नये, कारण तिच्या उत्तरांचे दोन प्रकार प्रचलित आहेत आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळा प्रकार असणे हे साध्या ब्लॅकवूडपेक्षा वाईट.

‘आता या वयात हे जमेल का’ असे निवृत्तीनंतर येणारे लोक हमखास विचारतात. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष जोडीचे सुवर्णपदक भारताला मिळवून देणारे प्रणब बर्धन ६० वर्षांचे होते आणि त्यांचे भिडू शिबनाथ सरकार ५६ वर्षांचे.

सरावासाठी चार माणसे जमायलाच हवीत असे नाही. ब्रिज बेस ऑनलाइनवर दोघांनी बसून केवळ बोलीचा सराव करता येतो. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर न पडता हे उत्तम होते. त्यासोबत एक वही ठेवावी. स्लॅमच्या जवळ गेलेला प्रत्येक डाव, बोललेला असो वा सोडलेला, दोघांच्या सव्वीस पानांसह उतरवावा, आणि बारा हातांसाठी काय काय जमायला हवे होते ते लिहून त्यापुढे टक्केवारी मांडावी. डाव झाला की पडला हा रकाना सर्वांत शेवटी भरावा, तोही दोन्ही भिडूंनी आपापला टक्केवारीचा अंदाज लिहिल्यानंतर. आधी निकाल लिहिला तर पडलेल्या डावाला कोणीच पन्नासच्या वर टक्के देत नाही.