कॅन्सर झाला, डोंगर चढलो, आता भाषणाला बोलावतायत... मग काय करायचं?

एक गोष्ट आधीच सांगते, मी काही एव्हरेस्टवाली नाही. हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता, दर पंधरा दिवसांनी एक असे केमोचे बारा डोस झाले आणि नंतर हळूहळू परत ट्रेक सुरू केले, कळसूबाईपर्यंत, म्हणजे 1646 मीटर, बास. पण तेवढ्यावरही लोक बोलावतात. 4 फेब्रुवारीला कॅन्सर दिन म्हणून, 8 मार्चला बाई आहे म्हणून, गणपतीत मंडळाला कोणीतरी पाहिजेच असतं म्हणून. सुरुवातीला खूप चुका केल्या, त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे सगळं सांगायला जाणं. गाठ कधी लागली, बायोप्सी, पेट स्कॅन, डोस, मग ट्रेक, मग शिखर, मग टाळ्या. चाळीस मिनिटांत लोकांचं डोकं बधिर होतं आणि लक्षात काहीच राहत नाही. शॉन स्वार्नर म्हणून अमेरिकन गिर्यारोहक आहे, तेराव्या वर्षी हॉजकिन्स, सोळाव्या वर्षी दुसराच कॅन्सर, आस्किन्स सार्कोमा, एक फुफ्फुस कामातून गेलेलं, आणि 2002 च्या मे महिन्यात हा माणूस एव्हरेस्टवर उभा. कॅन्सरमधून वाचलेला एव्हरेस्ट चढणारा पहिला माणूस. नंतर सातही खंडांची सर्वात उंच शिखरं केली. आता एवढं सगळं असताना माझ्या डोक्यात त्याचं काय राहिलं माहितीय? लहानपणी केमो चालू असताना तो बाथरूममधे गुडघ्यांवर बसून जाळीत अडकलेले स्वतःचेच केस उपसत होता, पाणी तुंबायला नको म्हणून. शिखराचा फोटो शंभर लोकांचा असतो हो, ती जाळी त्याची एकट्याची आहे.

तर तुमची जाळी शोधा. माझी पर्वतीच्या पायऱ्या. 103 पायऱ्या, पुण्यात लोक सकाळी दूध आणायला जावं तसे चढतात, आणि ट्रीटमेंट संपल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा मी नऊ वेळा थांबले. सहाव्यांदा थांबले तिथे एक आजोबा काठी टेकत मागून आले आणि म्हणाले, दम खा, देव कुठं पळून जात नाहीये. मी तिथेच बसून रडले. भाषणात मी यालाच दहा मिनिटं देते आणि कळसूबाईला दोन. त्यातसुद्धा माथ्यापेक्षा उतरताना लोखंडी शिडीवर पाय लटपटायला लागले ते सांगते, कारण उतरणं कोणी सांगतच नाही.

औषधाचं वर्णन करायचं तर एकच करा, नीट करा. केमोतलं ते लाल औषध आठवतंय ना? नळीतून सरबतासारखं उतरायचं आणि मग लघवी पण लाल. हे सांगितलं की ज्यांच्या घरात कोणी पेशंट आहे ते मान हलवतात, तिथून पुढे ते तुमचे.

दम लागणं समजवायचं असेल तर स्ट्रॉ वाटा. नाक दाबून अर्धा मिनिट नुसत्या स्ट्रॉमधून श्वास घ्यायला सांगा, दमा किंवा हार्टवाल्यांनी करायचं नाही हे आधी बजावून. उंचीवर नेमकं असं होत नाही म्हणा, तिथे श्वास आत जातो पण हवाच विरळ, एव्हरेस्टच्या माथ्यावर तर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण एक तृतीयांश. पण जीव घाबरा होणं काय असतं ते बरोबर कळतं.

आता सगळ्यात अवघड भाग, प्रश्नोत्तरं. हमखास कोणीतरी उठतं, "मॅडम, तुम्ही पॉझिटिव्ह राहिलात म्हणूनच बऱ्या झालात ना?" माना डोलवाव्याशा वाटतात, डोलवू नका. त्याच हॉलमधे कोणाची तरी आई गेलेली असते, मग ती काय कमी पॉझिटिव्ह होती? मी सरळ सांगते की माझा कॅन्सर औषधांना चांगली दाद देणाऱ्यांपैकी होता, वेळेत कळला, घरच्यांनी पैसे उभे केले, आणि मी बऱ्याच वेळा अजिबात पॉझिटिव्ह नव्हते, नवऱ्यावर ताटली फेकली होती. लोक हसतात, पण ऐकतात. दुसरा प्रश्न गव्हांकुर-गोमूत्राचा. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेतलं नाही" एवढंच उत्तर, वाद घालायचा नाही. तिसरा म्हणजे काकांचे रिपोर्ट बघता का, तर नाही, आपण डॉक्टर नाही.

आणि ऐकणाऱ्यात कोणी पेशंट उत्साहाने उद्याच सिंहगड म्हणाला तर त्याला आवरा. काही औषधं हार्टवर आणि फुफ्फुसावर परिणाम करून ठेवतात, माझ्या डॉक्टरांनी टूडी एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, आणि फुफ्फुसाची टेस्ट बघूनच सोडलं होतं. ब्रेस्ट कॅन्सरमधे काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजू शकतो, सॅकचा पट्टा कसा घ्यायचा तेही विचारून घ्यायचं.

पैशाचं बोलायला लाजू नका. माझ्याकडे अकरा शाली आहेत, नारळांची चटणी झाली. आता शाळा आणि पेशंटचे ग्रुप फुकट, कंपनीला मानधन आधी मेलवर, टीडीएस किती कापणार तेही विचारून. एका कंपनीने पाऊण तास सांगून जेवणानंतर बारा मिनिटं दिली होती, माईक शिट्टी मारत होता आणि मागे आइस्क्रीमची लाईन. तेव्हापासून माझ्याकडे बारा मिनिटांचं भाषण वेगळं तयार असतं, नुसती पर्वती. फोटो आठच न्या, पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमधे पण. टकलाचा फोटो लावायचा तर लावा पण खाली रडकं म्युझिक नको, आणि वॉर्डातल्या दुसऱ्या कोणाचा चेहरा त्यात अजिबात नको.

परतीची रिक्षा लगेच बोलावू नका. सेल्फीवाले गेले की दाराजवळ कोणीतरी एक उरतंच, त्यांच्यासाठी वीस मिनिटं ठेवा. मागच्या महिन्यात एक बाई होत्या, डोक्याला स्कार्फ, सगळा हॉल रिकामा होईपर्यंत पर्सची चेन उघडझाप करत उभ्या. डोंगराबद्दल एक शब्द नाही. हळूच विचारलं, "परत आले तेव्हा सरळ आले का कुरळे?" मी क्लिप काढून दाखवले.