शेजारच्या टेबलावरचे कॉल कानावर येत असतील तर

एसीच्या घरघरीने काम फारसं अडत नाही. अडतं ते अर्धवट कळणाऱ्या बोलण्याने. ‘इन्व्हॉइस परवाच पाठवलंय हो’ एवढं कानावर पडलं, की कुठलं इन्व्हॉइस इकडे लक्ष जातंच. म्हणून आधी बघा: त्रास नेमका कोणाचा, आणि केव्हा? बहुतेकदा अख्खं ऑफिस दोषी नसतं, एक-दोघं असतात.

१. थेट त्याच माणसाशी बोला. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सर्वांना विनंती’ टाकू नका. ज्याला उद्देशून लिहिलंय तो सोडून बाकी सगळे ओशाळतात. कॉल चालू असताना हातवारेही नकोत. चहाला जाताना गाठा आणि एकच गोष्ट मागा: ‘अरे, तुझे क्लायंटचे कॉल मला शब्दन् शब्द ऐकू येतात, आकडे भरताना गोंधळ होतो. स्पीकरऐवजी हेडसेट लावशील का?’ वरिष्ठ असतील तर, ‘सर, दुपारपर्यंत रिपोर्ट द्यायचाय, तेवढा वेळ कॉल मीटिंग रूममध्ये घेता येतील का?’ ‘तुम्ही फार मोठ्याने बोलता’ हे वाक्य मात्र टाळा.

हेडसेट लावूनही कोणी ओरडत असेल तर तो मुद्दाम करत नाही. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही. शिवाय भोवती गोंगाट असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी हे १९११ मध्येच मांडलं होतं. एक कान मोकळा ठेवायला सुचवा, लगेच फरक पडतो.

२. कानांची सोय करा. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसी-पंख्याची घरघर छान मारतात, बोलणं तितकं नाही. त्यात पावसाचा आवाज हळू लावला की शब्द पुसट होतात. स्वस्तात हवं तर फोमचे इअरप्लग: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरा. नुसते कानात कोंबले तर उपयोग शून्य.

३. जागा बदलायची तर एक खुर्ची सरकून भागत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो; काचेच्या भिंती असलेल्या ऑफिसात त्याहून कमी. मध्ये कपाट येईल अशी जागा मागा.

४. एवढं करूनही थांबलं नाही, तरच मॅनेजरकडे जा. तिथेही नाव घेऊन तक्रार करण्यापेक्षा सकाळी ११ ते १ कॉल फक्त मीटिंग रूममध्ये, असा सगळ्यांसाठी नियम मागा.