घरचा राबता, पाळीव प्राणी आणि घराण्याचा इतिहास : नव्याने शोध घेऊ पाहणाऱ्यांसाठी अनुभव

घराण्याचा इतिहास शोधणे हे निवृत्तीनंतरचे, निवांतपणी करायचे काम आहे, असा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. त्यापायी माहिती सांगणारी माणसे एकेक करून निघून जातात आणि मागे उरतात ती नावे नसलेली छायाचित्रे. दफ्तरातला कागद आणखी दहा वर्षे थांबू शकतो, पण नव्वदीच्या आजोबांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. म्हणून नोकरी, मुलांच्या परीक्षा, स्वयंपाक, आजारपणे आणि घरातले मुके जीव हे सगळे सांभाळूनच या कामाला हात घालावा लागतो. माझ्या घरात सासू-सासरे आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत, मोती नावाचा कुत्रा आणि चिंगी नावाची मांजर आहे. सासरचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आणि माहेरचे सातारा जिल्ह्यात असल्यामुळे शोधही दोन दिशांना चालतो. हे सगळे जमवताना जे हाती लागले, ते नवख्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडते.

सुरुवात घरातच करावी. शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, जुनी खरेदीखते, बँकेची पासबुके आणि भांड्यांवर घातलेली नावे यांतून पहिल्या तीन पिढ्या बहुधा उभ्या राहतात. ज्या घरांत श्राद्ध केले जाते, तेथे आणखी एक उत्तम साधन असते. श्राद्धाच्या वेळी वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांचीही नावे गोत्रासह उच्चारली जातात, आणि आईच्या माहेरची नावेही येतात. सरकारी कागदांत स्त्रियांची नावे फार कमी सापडतात, त्यामुळे पितृपक्षात गुरुजींसमोर ठेवला जाणारा तो नावांचा कागद मला कोणत्याही उताऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या भेटींच्या नोंदी मिळू शकतात. दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान् पिढ्या सांभाळणारे हेळवी आहेत. ते गावात आले की आपण घरी असणे हेच महत्त्वाचे, म्हणून गावातल्या नातेवाइकांना तसे सांगून ठेवावे.

वडीलधाऱ्यांना समोर बसवून प्रश्नावली विचारली की ते अवघडतात आणि 'काय सांगायचं त्यात' एवढ्यावर विषय संपतो. माझे सासरे बोलू लागले ते मोतीला संध्याकाळी फिरवायला नेताना. चालण्याची लय असते, नजर कुत्र्यावर असते, कोणी आपली मुलाखत घेत आहे असे वाटत नाही, आणि एखाद्या पडक्या वाड्यापाशी मोती हुंगत थांबला की गावच्या घराची पडवी, तिथे निजणारा चुलत चुलता आणि त्याने मुंबईच्या गिरणीत धरलेली नोकरी असे सगळे ओघाने येते. त्यांच्या संमतीने फोनवर ध्वनिमुद्रण करते आणि त्याच रात्री नावे, नाती आणि गावे तेवढी उतरवून घेते, कारण वाऱ्याच्या आवाजात बुडालेला शब्द आठवड्यानंतर आपल्यालाही लागत नाही. सासूबाईंची वेळ वेगळी आहे. त्या दुपारी मेथी निवडायला बसल्या की चिंगी त्यांच्या मांडीला टेकून झोपते, आणि मी एकच छायाचित्र त्यांच्यापुढे ठेवते. संपूर्ण अल्बम दाखवला तर गोंधळ होतो. एका मुंजीतल्या गटछायाचित्रात मागे उभ्या असलेल्या नथवाल्या बाईकडे बोट दाखवून त्यांनी तिचे सासरचे नाव सांगितले, मग जरा थांबून माहेरचे नाव आणि माहेरचे गावही सांगितले. लग्नात स्त्रीचे आडनावच नव्हे तर पहिले नावही बदलण्याची रीत असल्यामुळे प्रत्येक स्त्रीच्या नोंदीत ही तिन्ही माहिती स्वतंत्र रकान्यांत लिहावी, नाहीतर एकच बाई वंशावळीत दोन ठिकाणी दिसू लागते.

जुन्या छायाचित्रांतल्या प्राण्यांकडेही नीट पाहावे. माहेरच्या एका छायाचित्रावर तारीख नव्हती, पण अंगणात एक पिल्लू होते. आजीला माणसांची वये आठवत नव्हती, मात्र कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे तोच कुत्रा, चांगला थोराड झालेला, दाव्याला हिसके देत होता हे तिला स्वच्छ आठवत होते. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी झाला. म्हणजे छायाचित्र त्यापूर्वी वर्ष-दोन वर्षांचे तरी असणार, आणि त्यावरून कडेवरच्या मुलाचे जन्मवर्षही जवळपास ठरवता आले. पानशेतचा पूर, 1972 चा दुष्काळ अशा घटनांचा आधार दिला की सनावळ्या न सांगता येणारी माणसे भराभर काळ सांगू लागतात.

आता वेळेविषयी. या कामाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा किती वेळ मागतो हे आधी ओळखावे. एका दाखल्यावरची माहिती तक्त्यात भरणे, एका आत्याला फोन करणे, ध्वनिमुद्रणातली दहा मिनिटे उतरवून काढणे ही अर्ध्या तासाची कामे आहेत आणि ती रोजच्या रगाड्यात बसतात. तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष किंवा पुराभिलेखागार (जुनी सरकारी दफ्तरे जपणारे कार्यालय) यांना मात्र सबंध दिवस द्यावा लागतो. या दोहोंना जोडणारी वस्तू म्हणजे शोधवही. काय शोधत होते, कोठे पाहिले, काय मिळाले, काय मिळाले नाही आणि पुढे काय करायचे, एवढे तिच्यात लिहायचे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. कुकरची शिट्टी झाली, मुलाने हाक मारली किंवा चिंगीने उलटी केली म्हणून उठावे लागले, तरी चार दिवसांनी परत बसताना ते एक वाक्य वाचून काम जेथल्या तेथे पुढे चालू करता येते. न मिळालेल्या गोष्टीही लिहाव्यात, कारण तेच रजिस्टर पुन्हा चाळण्यात गेलेला दिवस घरच्यांच्या वाट्याचा असतो.

प्राणी आणि जुने कागद एकत्र नांदवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे कागदांना कसर लागू नये म्हणून ट्रंकेत आणि कपाटात डांबरगोळ्या किंवा कापूर टाकण्याची सवय आहे. या दोन्ही गोष्टी कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होऊ शकतात, यकृतालाही इजा होते, आणि मांजरांना त्याचा त्रास अधिक होतो. कुत्रा तर गोळी खाऊनही टाकतो. प्राण्याने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत न बसता तातडीने पशुवैद्याकडे न्यावे. आमच्या घरी कागद सुती कापडात गुंडाळून दार घट्ट लागणाऱ्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून वरच्या कप्प्यात ठेवतो, आणि पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, थेट उन्हात न धरता, एकेक पान तपासतो. जुन्या दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवत, ती पद्धत आजही चांगली आहे. कोरड्या हवेसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्याही प्राण्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा जागी असाव्यात.

मांजराला पसरलेला कागद दिसला की त्यावर बसायचेच असते, आणि त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून कागद पसरण्याचे काम दार बंद करता येईल अशा खोलीतच करावे. मांजराच्या मूत्राने शाई पसरते आणि वास व डाग कायमचे राहतात. अस्सल कागद एकदा नीट स्कॅन केला की तो परत कपाटात जावा आणि पुढचे सगळे वाचन पडद्यावर किंवा छापील प्रतीवर व्हावे. लहान छायाचित्रे 600 डीपीआयवर स्कॅन करावीत, त्यापूर्वी काचेवरचे केस मऊ फडक्याने पुसावेत, पाठीमागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने लिहावीत, आणि फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. प्राण्यांचे वेळापत्रक आपल्यापेक्षा नियमित असते. मोती सकाळी फिरून, खाऊन आला की दुपारपर्यंत शांत झोपतो. सुट्टीच्या दिवशी स्कॅनिंग मी त्याच वेळेत करते. फिरवणे चुकवून वाचवलेला तास खरे तर वाचत नाही, कारण पुढचा सगळा दिवस तो अस्वस्थपणे दाराशी आणि टेबलाशी घुटमळत राहतो.

घराबाहेरच्या साधनांकडे वळताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजी मार्गदर्शकांत जनगणनेच्या नोंदींपासून सुरुवात करायला सांगितलेले असते. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या नसतात, त्यामुळे तो मार्ग सोडून द्यावा. त्याऐवजी गाव नमुना क्रमांक 14, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे जनरल रजिस्टर, आणि जमीन असल्यास जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, पाहावेत. वारसांची नावे लावताना झालेला फेरफार बहुधा एका पिढीतली सगळी भावंडे एकत्र दाखवतो. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांनी आपल्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदवह्यांची पाने चढवली. आपल्या गावाची पाने तेथे असली तर घरबसल्या, मुले झोपल्यावर ती चाळता येतात.

यातील पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे गावाचे आणि घराण्याचे नाव मोडीत कसे दिसेल हे आधी स्वतः गिरवून पाहावे. रोज एक ओळ वाचली तरी हात बसतो. इसवी सन काढताना शकात 78 मिळवावेत, पौषात 1 जानेवारी उलटल्यावरच्या तारखांसाठी 79. मराठेशाहीतल्या कागदांवर दिसणाऱ्या सुहूर सनात 599 किंवा 600 आणि महसुली कागदांवरच्या दख्खनी फसली सनात 590 किंवा 591 मिळवावेत, कारण ही दोन्ही सने जूनच्या आरंभी, मृगाच्या सुमारास बदलतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून कार्यरत आहे, परंतु तेथे आडनाव घेऊन जाऊ नये. ती दफ्तरे राज्यकारभाराच्या रचनेनुसार लावलेली आहेत, म्हणून गाव, परगणा (पूर्वीचा महसुली विभाग) आणि वतन किंवा इनाम असल्यास त्याचा प्रकार हाती असल्याशिवाय तो दिवस खर्च करू नये.

भाऊबंदांशी वागताना सर्वांत अधिक जपावे लागते. पुण्या-मुंबईत राहणारी सून गावी येऊन जुने सातबारे आणि फेरफार मागू लागली, की ही जमिनीत हिस्सा मागायला आली, अशी शंका येणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही तसेच वाटले असते. म्हणून पहिल्या भेटीत गट क्रमांकाचा उल्लेखही करू नये. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला आधी फोन करून हेतू सांगावा, आपल्याजवळची छायाचित्रे त्यांना भेट म्हणून न्यावीत आणि फक्त नावे विचारावीत. दत्तक, दुसरे लग्न, घर सोडून गेलेली माणसे यांविषयी कोणी बोलायचे टाळले तर तो विषय तेथेच सोडावा. कोकणात गणपतीला आणि शिमग्याला सगळे घर एकत्र येते. त्या दिवसांत जाणे मला उत्तम वाटते, मात्र आरतीच्या आणि पंगतीच्या वेळी वही बाहेर काढू नये, वाढायला उठावे. चिंगीला आम्ही प्रवासाला नेत नाही, कारण मांजराला आपली जागा सुटणे मानवत नाही. घरी कोणीतरी मागे राहते. मोतीला नेतो तेव्हा गावच्या घरी आधी विचारतो, रेबीजच्या लसीची नोंद सोबत ठेवतो आणि गोचिडांचे औषध निघण्यापूर्वीच लावतो.

घरातल्यांना या कामात ओढून आणण्याऐवजी त्यांच्या आवडीचा भाग त्यांच्यापुढे ठेवावा. मुलांना फायलींना वर्ष, गाव आणि नाव या क्रमाने नावे देणे जमते आणि आवडते. संगणकावर ग्रॅम्प्स या मोफत प्रणालीत देवनागरीत नोंदी करता येतात. तिची प्रत घराबाहेर एका विश्वासू नातेवाइकाकडेही असावी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते महाजालावर मुळीच टाकू नयेत, कारण मृतांच्या माहितीसाठी जिवंतांना अडचणीत आणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दरवर्षी पितृपक्षाच्या आधी मी वंशावळ मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत छापते, चारही बाजूंना भरपूर जागा सोडते आणि सोबत पेन्सिल ठेवते. जे येतात ते नाव दुरुस्त करतात, एखादी सुटलेली मुलगी तिच्या भावंडांशेजारी लिहून देतात. कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला सांगितले हे त्या नोंदीखाली लिहून मगच ती मूळ तक्त्यात चढवावी, आणि दोन ज्येष्ठांचे म्हणणे जुळत नसेल तर कागदोपत्री पुरावा मिळेपर्यंत दोन्ही मते तशीच ठेवावीत.