पिवळं दिसेनासं झालं की उठा: घरच्या खोलीत फिल्म ग्रेड करताना

माझ्या शॉर्ट फिल्ममध्ये जेजुरीचा एक शॉट आहे. सोमवती अमावस्या, गडावर भंडाऱ्याची उधळण, आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी कॅमेऱ्याकडे चालत येते. दुपारी तीनला तो शॉट ग्रेड करायला, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड बसवायला घेतला आणि रात्री साडेनऊपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. माझ्या मते भारी झाला होता. आई जेवायला बोलवायला आली, दारातूनच स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "का गं, पोरीला कावीळ झालीय का?"

झाली होती. सकाळी बघितलं तर चेहरा, केस, दात, सगळं पिवळं.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं असं आपण म्हणतो. ग्रेडिंगच्या खोलीत नेमकं उलटं घडतं. पिवळं बघत बसलात की थोड्या वेळाने डोळा त्यालाच पांढरं धरून चालतो, पिवळं दिसेनासं होतं आणि तुम्ही अजून ओतत जाता. मी स्वतःची फिल्म दोनेक वर्षांनी एखादी करते, घर चालतं ते दुसऱ्यांच्या फिल्मच्या डीआयवर, म्हणजे याच रंगकामावर. इतक्या वर्षांत शिकले ते हेच, की डोळा लबाड आहे. खाली जे काही लिहिलंय ते त्याला लबाडी करू न देण्याचे उपाय आहेत.

आधी खोली

मॉनिटरमागची भिंत मी राखाडी करून घेतली. दोन हात झाल्यावर रंगारी म्हणाला, "ताई, प्रायमर झाला, आता रंग कुठला मारायचा?" पण ती भिंत तशीच हवी. केशरी पडदा, हिरवी भिंत, संध्याकाळचं तिरकं ऊन, यातलं काहीही नजरेच्या टप्प्यात असलं की स्क्रीनवरचा रंग बदलल्यासारखा वाटतो. खिडकीला जाड काळा पडदा लावा. ग्रेड करताना लाल टी-शर्टसुद्धा घालू नका, त्याची झाक स्क्रीनवर पडते.

पूर्ण अंधारही नको. मॉनिटरच्या मागे भिंतीवर पडेल असा मंद दिवा हवा, ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेड पिवळट की निळसर याचं माप). दुकानात 'कूल डेलाइट' म्हणून जे एलईडी मिळतात त्यांच्या खोक्यावर हाच आकडा असतो, फक्त सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा बघून घ्या.

मॉनिटरवर किती खर्च करायचा हे ज्याच्या त्याच्या खिशावर. पण कॅलिब्रेशन प्रोब (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) विकत नाहीतर भाड्याने आणाच, आणि मॉनिटर रेक७०९ (व्हिडिओच्या रंगांचं ठरलेलं मानक), गॅमा २.४, १०० निट्सला (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) बसवा. लॅपटॉपवरचा नाइट मोड आणि आपोआप ब्राइटनेस बदलणारी सगळी सेटिंग्ज बंद. हे सांगायला लागू नये, पण एका दिग्दर्शकाने माझ्याकडे "रात्री सगळं केशरी होतं" अशी तक्रार आणली होती, आणि फोन बघितला तर नाइट मोड चालू.

शूटच्या दिवशी

माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये सगळ्यात जास्त ताप देतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं हे कॅमेऱ्याने आपणच ठरवणं. एकाच शॉटमध्ये नटी दारातून आत येते आणि तिच्यासोबत भिंतीचा रंगही बदलतो. मग की-फ्रेम टाकत, म्हणजे शॉटमध्ये जागोजागी रंग वेगळा बसवत बसायचं. केल्विन हाताने लॉक करा. चुकीचा आकडा लॉक केलात तरी चालेल, सगळा शॉट एकसारखा चुकलेला असला तर तो दोन मिनिटांत सुधारतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १/५० सेकंद ठेवा, अँगलमध्ये सांगायचं तर १७२.८ अंश. १८० वर ठेवलंत की ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र धडधडतं. स्वस्त एलईडी कशानेच ऐकत नाहीत, तो दिवा बदलणं हाच उपाय.

प्रत्येक नव्या लायटिंगला दहा सेकंद ग्रे कार्ड (राखाडी पुठ्ठा, रंग त्यावरून ताडायचा) घ्या. एडिटर ते कापून टाकेल. त्याला सांगा की टाइमलाइनच्या शेवटी ठेव.

आणि भंडाऱ्यात शूट करणार असाल तर कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुढे यूव्ही फिल्टर, आणि गडावर लेन्स बदलायची नाही. मी बदलली होती. हळदीचा एक कण सेन्सरवर बसला आणि पुढच्या सहा शॉट्समध्ये आभाळात तरंगत राहिला. एकेक करून पुसला.

ग्रेडचा क्रम

एडिट लॉक झाल्याशिवाय हात लावू नका. "जवळपास लॉक आहे" म्हणजे लॉक नाही. एडिटरकडून एक्सएमएल (कुठला शॉट कुठे कापला त्याची यादी) आणि त्याच्या कटची रेफरन्स फाइल घ्या, ती वर ठेवून शॉटन् शॉट जुळतोय का बघा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा इलाज नाही.

मी दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरते. सुरुवातीची दोन वर्षं फुकटच्या व्हर्जनवर काढली, शॉर्ट फिल्मला ते पुरतं. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणं) लागलं तेव्हा स्टुडिओ व्हर्जन घेतलं.

नोड म्हणजे ग्रेडची एकेक पायरी, त्यांची माळ साधी ठेवा. पहिल्या नोडवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म: कॅमेऱ्याचा लॉग (फिकट दिसणारं, पण जास्त तपशील राखणारं रेकॉर्डिंग), माझ्याकडे बहुतेक वेळा एस-लॉग३, त्यातून दाविंची वाइड गॅमट या मोठ्या रंगपट्ट्यात. शेवटच्या नोडवर तिथून रेक७०९ मध्ये. सगळं काम या दोघांच्या मध्ये. आधी एक्सपोजर, मग बॅलन्स, मग काँट्रास्ट, मग चेहरा-आभाळ वगैरे तुकड्यातुकड्याची कामं, आणि लूक सगळ्यांत शेवटी. इंटरनेटवरून उतरवलेली लट (LUT, रंग बदलणारी तयार फाइल) पहिल्याच नोडवर टाकून "छान दिसतंय" म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांची फिल्म सातव्या शॉटला फाटते.

पहिली फेरी मी रंग काढून टाकून करते. सॅचुरेशन शून्य, वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) उघडा, आणि अख्खा सीन कृष्णधवलमध्ये उजेडाने जुळवायचा. रंग समोर असला की डोळा रंगावरच भांडत बसतो आणि खरी चूक उजेडात असते. सीनमधला एक शॉट पाटलासारखा मधोमध बसवायचा, त्याचा स्टिल घ्यायचा आणि बाकीचे वाइप करून (अर्धी फ्रेम त्याची, अर्धी यांची) त्याच्याशी ताडून बघायचे. ही फेरी झाली की रंग परत आणा. निम्मं काम झालेलं असतं.

तो जेजुरीचा शॉट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्राकडे न बघता फक्त पॅरेड (लाल, हिरव्या, निळ्याचे वेगवेगळे आलेख) बघितली. लाल वर, हिरवा वर, आणि निळा चॅनल तळाशी सरळ रेघ होऊन पडलेला. हळदीत निळं जवळजवळ नसतंच, त्यात मी सॅचुरेशन वाढवलेलं. निळा शून्याला टेकला की धुरळ्यातला पोत जातो, ढग न दिसता पिवळ्या कागदाचा तुकडा चिकटवल्यासारखा दिसतो. मी वाढवलेलं सॅचुरेशन काढलं आणि शेवटच्या ट्रान्सफॉर्ममध्ये गॅमट मॅपिंगला सॅचुरेशन कम्प्रेशन लावलं (रंगपट्ट्याबाहेर गेलेले रंग ते आत ओढतं). रेघ उठली, त्यात खळगे दिसायला लागले, आणि धुरळ्यात धुरळा दिसायला लागला.

मग पुढचा गोंधळ. दगडी भिंतीच्या सावलीत उडालेला भंडारा हिरवट दिसत होता. पिवळा गडद झाला की शेवाळी दिसतो, हा त्याचा स्वभावच आहे. ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्हवर (एक छटा दुसरीकडे सरकवणारी रेघ) पिवळ्यातला हिरव्याकडचा भाग पकडून नखभर केशरीकडे ढकलला. नखभरच. जास्त ढकललात तर हळदीचं तिखट होतं.

राहिली ती मुलगी. तिच्या कपाळावर भंडारा होता, तो खरा. पण हनुवटीखाली, मानेवर जे पिवळं होतं ते पायऱ्यांवरच्या हळदीवरून उसळलेलं ऊन. आणि केसांत, दातांत होतं ते माझं पाप. तीन पिवळे, आणि मी रात्री तिघांना एकच समजून बसले होते. केसांपासून सुरुवात केली, कारण काळे केस काळेच असायला हवेत. सावल्यांमध्ये थोडं निळं घातल्यावर केस जागेवर आले, त्यांच्यामागोमाग डोळ्यातलं पांढरंही. मानेवरचं पिवळं पॉवर विंडो (फक्त तेवढ्याच भागाभोवतीचं कुंपण) लावून निम्मं केलं. पूर्ण काढलं नाही, कारण गडावर उभं राहिलेल्या माणसाच्या मानेवर ते असतंच. कपाळाला हात लावला नाही.

चेहऱ्यासाठी व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगांच्या गोल आलेखावर, एक रेघ असते, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, घड्याळात अकरा वाजतात त्या दिशेला. गोरा असो की काळासावळा, माणसाच्या कातडीचा रंग या रेघेच्या आसपासच पडतो. फरक असतो तो उजेडात. म्हणून सावळ्या चेहऱ्याला "उजळ कर" म्हणणारे निर्माते आले की मी चेहऱ्याच्या कडेचा उजेड थोडा उचलते, गालावरची चमक सांभाळते आणि वर्ण आहे तसा ठेवते. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. हा लेख वाचला तर येईल.

डोळ्याला सुट्टी

मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावते. वाजला की स्क्रीनवर नुसता राखाडी चौकोन आणते आणि उठून बाल्कनीत जाते. समोरच्या सोसायटीच्या दोरीवर बहुतेक वेळा पांढरी बनियन वाळत असतात, ती बघते. हसू नका, उन्हातल्या पांढऱ्या कपड्यासारखा दुसरा रेफरन्स नाही.

रात्री दहानंतर मी लूकचा निर्णय घेत नाही. सकाळी फिल्म लावली की पहिल्या दहा सेकंदांत जे वाटेल ते वहीत लिहायचं. अकराव्या सेकंदापासून डोळा पुन्हा लबाडी सुरू करतो.

लोकांना दाखवताना

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलवर रंगाचं मत घेणार नाही, हे पहिल्याच मेलमध्ये लिहून टाका. मॅकवर क्विकटाइममध्ये फिकट दिसतंय अशी तक्रार हमखास येते. तिथे दाखवायची वेगळी फाइल रेक७०९-ए या मॅकसाठीच्या टॅगने काढून द्या, ग्रेड बदलू नका.

करेक्शनचे दोन राउंड पैशात धरलेले, तिसऱ्यापासून दिवसाचा वेगळा दर. निम्मे पैसे काम सुरू करण्याआधी, उरलेले मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, द्यायच्या आधी, तोवर फाइलवर वॉटरमार्क. एका निर्मात्याला मी ओळखीवर मास्टर देऊन बसले होते. फिल्म तीन महोत्सवांत फिरून आली, माझे पैसे अजून फिरतायत.

थिएटरसाठी

महोत्सवाला डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारा फिल्मच्या फाइलींचा संच) लागतो. डीसीपी-ओ-मॅटिक हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि रेक७०९ मधून थिएटरच्या रंगात जाण्याचं गणित तेच करतं. २५ फ्रेमवर शूट केलं असेल तर आधी महोत्सवाला विचारा. जुन्या, इंटरऑप पद्धतीच्या डीसीपीत २५ बसत नाही, आणि २४ वर आणलं तर फिल्म जरा संथ होते, आवाजाची पट्टीही उतरते. म्हणून मी सरळ २४ वर शूट करते.

थिएटरचा पडदा साधारण ४८ निट्सचा, आपला मॉनिटर १०० चा. त्यात एक्झिटचे दिवे काळ्यावर सांडतात. घरी ज्या सावल्यांत तपशील दिसत होते ते तिथे गुडुप होतात. ओळखीने का होईना, सकाळच्या शोआधी अर्धा तास मिळवा आणि फक्त अंधाराचे सीन चालवून बघा. वही-पेन घेऊन जा, अंधारात न बघता मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या वहीत त्या दिवशी होतं: "विहीर – चेहरा गेला. जेजुरी ठीक. स्वयंपाकघर हिरवं?"

घरी येऊन तेवढंच बदला, नवा डीसीपी काढा, नावात तारीख टाका. आणि ड्राइव्हवरून जुना डीसीपी काढून टाका. ऑपरेटरच्या हाताला जो आधी लागेल तोच लागणार आहे.